फाइल आहे, पण सापडत नाही: कर्नेलमधल्या शर्यतींची गोष्ट

मंडळी, या वीकेंडचा विषय ऐकायला जरा कोरडा आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलमध्ये, त्यातही फाइल सिस्टिमच्या कोडमध्ये, डेटा रेस कशा शिरल्या आणि त्या उपसायला जवळजवळ तीस वर्षं का लागतायत, हा तो विषय. पण तुमचे फोटो, बँकेचा डेटाबेस, ऑफिसचा सर्व्हर, खिशातला अँड्रॉइड हे सगळं ज्या कोडवर उभं आहे त्याची ही गोष्ट आहे. तेव्हा पाच मिनिटं द्याच.

आधी रेस म्हणजे काय ते बघू. समजा ३२ बिटांचं मशीन आहे. फाइलची लांबी ६४ बिटांत ठेवलेली, म्हणजे प्रोसेसरला ती दोन तुकड्यांत वाचावी लागते, वरचा अर्धा आणि खालचा अर्धा. फाइल ४ जीबीला एक बाइट कमी आहे आणि कुणीतरी शेवटचा बाइट लिहितोय. खालचा अर्धा सगळा भरलेला होता, तो शून्य होणार आणि वरचा शून्याचा एक होणार. आपल्या जुन्या स्कूटरच्या मीटरवर ०९९९९ चं १०००० होतं, अगदी तसंच. नेमक्या त्या क्षणी दुसऱ्या प्रोसेसरने वरचा अर्धा जुना आणि खालचा अर्धा नवा उचलला, तर उत्तर येतं शून्य. ४ जीबीची फाइल रिकामी! उलट उचललं तर ती जवळपास ८ जीबीची दिसते. दोन्ही आकडे कधीच खरे नव्हते. चूक ना लिहिणाऱ्याची, ना वाचणाऱ्याची. दोघांमध्ये काहीच ठरलेलं नव्हतं, हीच काय ती चूक.

लिनक्समध्ये याचा उपाय २.६ च्या मालिकेत होताच. लांबीशेजारी एक मोजणी ठेवायची. लिहिणारा सुरुवातीला ती वाढवतो आणि संपल्यावर पुन्हा वाढवतो. वाचणारा आधी मोजणी बघतो, मग लांबी वाचतो, मग परत मोजणी बघतो. मोजणी विषम असेल किंवा बदलली असेल, तर पुन्हा पहिल्यापासून वाचायचं. साधं, पण हुशार.

आता मागे जाऊ. जुन्या युनिक्सच्या काळात एकच प्रोसेसर असायचा आणि कर्नेलमध्ये शिरलेलं काम स्वतःहून थांबेपर्यंत त्याला कुणी हलवत नसे. इंटरप्ट तेवढे सांभाळले की झालं. त्यामुळे फाइल सिस्टिम लिहिणाऱ्याला 'माझ्या शेजारी आणखी कुणी असेल का' हा प्रश्न फारसा पडायचा नाही. तो न पडलेला प्रश्नच पुढे महागात गेला.

१९९६ साली लिनक्स २.० आलं आणि एकाहून जास्त प्रोसेसर चालायला लागले. सगळा कोड एका रात्रीत तपासणं शक्य नव्हतं. म्हणून एकच मोठं कुलूप केलं, बिग कर्नेल लॉक. एका वेळी कर्नेलमध्ये एकानेच शिरायचं.

भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यात करडी नावाचं गाव आहे. सगळा टापू धानाचा, आणि जिल्हा तलाव-बोड्यांचा. कल्पना करा की अशा एका तलावाच्या दाराला एकच किल्ली आहे. ज्याच्या हातात किल्ली, त्याच्या बांधीत पाणी. बाकीचे बांधावर बसून. भांडण एकही नाही, पण निम्मी बांधी कोरडी. बिग कर्नेल लॉकचं तसंच होतं. चार प्रोसेसरचे पैसे मोजायचे आणि कर्नेलच्या आत काम मात्र एकाचंच चालायचं.

१९९९ च्या २.२ पासून ही किल्ली फोडायला सुरुवात झाली. या भागासाठी हे कुलूप, त्या यादीसाठी ते. आणि इथेच खरी मजा सुरू झाली. मोठ्या कुलपाखाली कोण कशावर विसंबून होतं, ते कुठे लिहिलेलंच नव्हतं! रायझरएफएसचं उदाहरण घ्या. बिग कर्नेल लॉकची एक विचित्र सवय होती. ते धरून तुम्ही झोपलात, म्हणजे डिस्कची वाट बघत थांबलात, की ते आपोआप सुटायचं आणि जागे झालात की परत मिळायचं. रायझरएफएसचा सगळा कोड या सवयीवर बेतलेला. साधं कुलूप लावलं तर तो अडकून बसणार. फ्रेडरिक वाइजबेकरने ते बदललं तेव्हा प्रत्येक माउंट केलेल्या फाइल सिस्टिमला स्वतःचं कुलूप दिलं, आणि झोपण्याआधी ते कुठे-कुठे सोडायचं ते हुडकून काढलं. हे काम २०१० च्या २.६.३३ मध्ये आलं. बिग कर्नेल लॉक पूर्ण गेलं २०११ च्या मे महिन्यात, २.६.३९ मध्ये. म्हणजे पंधरा वर्षं. (रायझरएफएस स्वतःही २०२५ मध्ये ६.१३ मधून गेलं. असो.)

दुसरी गोष्ट डीकॅशची. तुम्ही फाइलचा पाथ देता तेव्हा कर्नेल एकेक नाव शोधत जातं, आणि सापडलेली नावं मेमरीत ठेवतं. ती जागा म्हणजे डीकॅश. यावरही एकच कुलूप होतं, आणि पाथ तर प्रत्येकच प्रोग्रॅम शोधतो. २००३ च्या सुमाराला आयबीएमच्या पॉल मॅकेनी यांच्यासोबत भारतातल्या आयबीएमचे दीपंकर सरमा आणि मनीष सोनी यांनी इथे आरसीयू आणलं. कल्पना अशी की वाचणाऱ्याने कुलूपच लावायचं नाही. लिहिणाऱ्याने जुनी नोंद यादीतून काढायची, पण तिची मेमरी लगेच मोकळी करायची नाही. आधीपासून वाचत असलेले सगळे निघून जाईपर्यंत थांबायचं.

मग नवीनच पेच आला. नावं वेगवेगळ्या साखळ्यांत ठेवलेली असतात. कुणी फाइलचं नाव बदललं की तिची नोंद एका साखळीतून दुसरीत जाते. नेमका त्याच क्षणी वाचणारा त्या नोंदीवर उभा असेल तर तिच्याबरोबर तोही भलत्याच साखळीत जातो, आणि त्याला हवी असलेली तिसरीच फाइल मागे राहून जाते. उत्तर: अशी फाइल नाही. आणि फाइल तर तिथेच आहे! इथेही कामी आली ती तीच मोजणीची युक्ती: शोध सपल्यावर बघायचं की मधल्या वेळात कुठे नाव बदललं का, बदललं असेल तर परत शोधायचं. हे सगळं निक पिगिनने आणखी पुढे नेलं आणि २०११ च्या २.६.३८ मध्ये डीकॅशचं ते एकमेव कुलूपही गेलं.

आता तुम्ही म्हणाल, डीबगर लावून पकडायच्या की या रेस! इथे आपलं पुणं येतं. २००० नंतरच्या काही वर्षांत कर्नेलचा डीबगर, केजीडीबी, पुण्याच्या लिनसिससॉफ्टचे अमित काळे सांभाळत आणि वाढवत होते. दोन मशीनं सीरियल केबलने जोडायची आणि एकावर बसून दुसऱ्याचं कर्नेल थांबवून आत बघायचं. लिनस टॉरवाल्ड्सना कर्नेलमध्ये डीबगर आवडत नसे, त्यामुळे केजीडीबी बरीच वर्षं बाहेरचा पॅच म्हणूनच राहिला. शेवटी २००८ च्या २.६.२६ मध्ये तो आत आला. कितीतरी लोकांचं आयुष्य त्याने सोपं केलं. पण रेस हा त्याला न जुमानणारा प्राणी आहे. तुम्ही थांबवून बघायला गेलात की वेळेचं गणितच बदलतं आणि रेस गायब होते. हात काढला की पुन्हा हजर.

म्हणजे वेगळं हत्यार हवं होतं. पहिलं आलं २००६ मध्ये, इंगो मोलनार आणि आर्यन व्हॅन डे व्हेन यांचं लॉकडेप. कुलपं कोणत्या क्रमाने लावली जातात ते नोंदवून ते अडकायच्या आधीच ओरडतं. पण जिथे कुलूपच नाही तिथे ते गप्प. त्यासाठी २०१९ मध्ये गूगलमधून केसीसॅन आलं आणि २०२० च्या ५.८ मध्ये कर्नेलमध्ये शिरलं. त्याची पद्धत मला फार आवडते. एखाद्या मेमरीच्या वाचन-लेखनावर अधूनमधून पाळत ठेवायची, मुद्दाम किंचित थांबायचं, आणि तेवढ्यात दुसरं कुणी तिथे हात घालतं का ते बघायचं. डीबगरमुळे रेस पळते ती थांबण्यामुळे, आणि हे थांबूनच तिला पकडतं!

केसीसॅनने फाइल सिस्टिममधून बरंच काही बाहेर काढलं. २०२० मधलं एक्स्ट४ मधलं एक उदाहरण सांगतो. डिस्कवर नोंदवायची फाइलची लांबी एक जण कुलूप लावून बदलतोय, दुसरा कुलूप न लावता वाचतोय. दुरुस्ती जेमतेम काही ओळींची: ते वाचन रीड_वन्समध्ये गुंडाळलं, म्हणजे कंपायलरने ते एकदाच आणि अख्खं करायचं. एवढंच का पुरलं? कारण पुढे कुलूप लावून तीच गोष्ट परत तपासली जात होती. आधी नुसतं डोकावायचं, मग कुलूप लावून खात्री करायची. ती दुसरी तपासणी नसती तर रीड_वन्सने फक्त केसीसॅनचं तोंड बंद झालं असतं आणि बग तसाच राहिला असता.

आणि बग तसाच राहिला की काय होतं? डर्टी काऊ आठवतं? २०१६. रेस मेमरीच्या कोडमधली, पण फटका फाइलींना. फक्त वाचायची परवानगी असलेली फाइल साधा युजर बदलू शकत होता, कारण 'खाजगी कॉपी कर' आणि 'त्या कॉपीत लिही' या दोन पायऱ्यांच्या मधे दुसऱ्या थ्रेडला ती कॉपी फेकून देता यायची. मग लिहिलेलं थेट मूळ फाइलीत. २००७ पासूनच्या कर्नेलमध्ये हे भोक होतं, अँड्रॉइडसकट. टॉरवाल्ड्सनी २००५ मध्येच ते बुजवायचा प्रयत्न केला होता, पण आयबीएमच्या एस३९० मशीनवर अडचण आली म्हणून तो मागे घेतला गेला. तेव्हा ही रेस प्रत्यक्षात साधणं जवळजवळ अशक्य वाटत होतं. पुढे मशीनं आणि कोड बदलले, आणि अशक्य ते सोपं झालं.

मला या सगळ्या इतिहासात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जास्त कुलपं लावून रेस सुटल्या नाहीत, आणि कुलपं काढूनही नाहीत. या गोष्टीला कोण, कधी, काय धरून हात लावणार हे कुणीतरी बसून ठरवलं तेव्हाच त्या सुटल्या. कर्नेलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये फाइल सिस्टिमच्या लॉकिंगवर एक रुक्ष पान आहे. कोणतं फंक्शन कोणतं कुलूप धरून बोलावलं जातं याची नुसती तक्तेवारी. न झोपता वाचणं कठीण, पण त्यातली एकेक ओळ कुणाच्या तरी हरवलेल्या फाइलीच्या बदल्यात आलेली असणार.

सोमवारी कुणाच्या कोडमध्ये 'हे एका वेळी एकच जण बोलावतो' असं गृहीत धरलेलं दिसलं, तर निदान वर एक कमेंट टाकायला लावा. दहा वर्षांनी ते फंक्शन चार जण एकदम बोलावतील तेव्हा लिहिणारा त्या टीममध्ये नसेल.