शेजाऱ्याच्या टीव्हीसाठी

गेल्या महिन्यात आमचं डबडं टेस्टमध्ये नापास झालं. डबडं म्हणजे घरात भिंतीवर लावायचा एक छोटासा डिस्प्ले, गिऱ्हाईक अमेरिकेतलं. त्यातलं सॉफ्टवेअर माझं, म्हणजे मी आणि अजून दोघांचं. आमचा हार्डवेअरवाला सकाळी सकाळी लॅबमधून फोन करून म्हणाला, "अरे, १४४ मेगाहर्ट्झला चार डीबीने वर जातंय. तू बघ ना काहीतरी." मी म्हटलं, मी काय बघू? मी कोड लिहितो, रेडिओलहरी सोडत नाही!

सोडतो. हे पटायला मला अख्खा आठवडा लागला, आणि त्या आठवड्यात रात्री जागून जे काय वाचलं ते म्हणजे हा लेख.

आधी एक घरगुती उदाहरण. लहानपणी रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं तेव्हा आमच्या चाळीत एक अलिखित नियम होता: त्या वेळात मिक्सर लावायचा नाही. कोणी लावलाच तर दूरदर्शनवर पांढऱ्या ठिपक्यांच्या रेघा धावायच्या आणि चार घरांतून एकदम ओरडा व्हायचा, "अहो काकू, चटणी नंतर वाटा!" मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश घासतात, ठिणग्या उडतात, आणि ठिणगी म्हणजे एक गचाळ रेडिओ ट्रान्समीटरच. (मार्कोनीने सुरुवात ठिणग्यांनीच केली होती.)

कॉम्प्युटरमध्ये ठिणगी नसते, पण क्लॉक असतो. सेकंदाला लाखो वेळा झपकन चालू, झपकन बंद. अशा चौकोनी लहरीत नुसती मूळ फ्रिक्वेन्सी नसते, तिची तिप्पट, पाचपट, सातपट असं सगळं शेपूट असतं. आणि कडा जितक्या धारदार तितकं शेपूट लांब. बाहेर एखादी केबल लोंबत असेल तर ती झाली अँटेना. आमचा क्लॉक ४८ मेगाहर्ट्झचा. त्याचे तिप्पट किती? १४४. आता कळलं ना?

अमेरिकेत रेडिओचा कारभार बघणारं एफसीसी १९३४ सालचं. १९३८ साली त्यांनी एक पळवाट मुद्दाम ठेवली: अगदी कमी शक्तीची उपकरणं लायसन्सशिवाय चालतील. त्यातूनच पुढे नियमावलीचा 'पार्ट १५' झाला. पण तेव्हा डोळ्यासमोर काय होतं, तर बिनतारी रेकॉर्ड प्लेअर आणि रेडिओचे रिमोट. म्हणजे मुद्दाम लहरी सोडणाऱ्या वस्तू. चुकून लहरी सोडणारी आणि ती सुद्धा लाखोंनी घरात शिरणारी वस्तू यायला अजून चाळीस वर्षं होती.

ती आली १९७५ मध्ये. जानेवारीच्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'च्या मुखपृष्ठावर ऑल्टेअर ८८०० झळकला. किट मागवायचं, स्वतः सोल्डर करायचं, आणि मग समोर काय? स्विच आणि दिवे. कीबोर्ड नाही, स्क्रीन नाही. स्टीव्ह डॉम्पियर नावाच्या एका हौशी माणसाने तो जोडला. एकदा त्याचा सॉर्टिंगचा प्रोग्राम चालू असताना शेजारी रेडिओ चालू होता, आणि त्याच्या लक्षात आलं की प्रोग्रामच्या प्रत्येक फेरीबरोबर रेडिओ खरखरतोय. दुसरा कोणी असता तर रेडिओ उचलून लांब ठेवला असता. या पठ्ठ्याने कुठल्या लूपला कुठला स्वर निघतो याचा तक्ता केला! मग होमब्रू कॉम्प्युटर क्लबच्या बैठकीत त्याने ऑल्टेअर मांडला, वर एक छोटा रेडिओ ठेवला, स्विच खालीवर करून प्रोग्राम भरला, आणि रेडिओतून बीटल्सचं 'फूल ऑन द हिल' वाजायला लागलं. पाठोपाठ 'डेझी बेल', म्हणजे १९६१ साली बेल लॅब्जमध्ये आयबीएमच्या कॉम्प्युटरने गायलेलं गाणं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ऑल्टेअरने जगासाठी केलेलं हे पहिलंवहिलं काहीतरी 'उपयोगाचं' काम, आणि ते म्हणजे निव्वळ इंटरफिअरन्स.

मला हा प्रसंग भयंकर आवडतो. आणि त्याच वेळी मनात येतं, त्या खोलीच्या पलीकडे कोणी रेडिओवर बातम्या ऐकत असेल तर त्याने काय ऐकलं असेल?

दोन वर्षांत म्हणजे १९७७ मध्ये टँडीने टीआरएस-८० काढला. ५९९ डॉलर ९५ सेंट, मॉनिटरसकट. प्लास्टिकचं खोकं, आत १.७७ मेगाहर्ट्झचा झेड-८०, आणि जास्तीची मेमरी हवी तर मागून निघणारी एक रुंद पट्टीसारखी केबल. अँटेना याहून चांगली काय करणार! या मशीनमध्ये आवाजाची सोय नव्हती, म्हणून गेम लिहिणाऱ्यांनी डॉम्पियरचीच युक्ती वापरली: शेजारी एएम रेडिओ ठेवा, आवाज येईल. एकेकाळी एखाद्या प्रॉडक्टचा दोष त्याचं फीचर होतं असं आपण थट्टेने म्हणतो, इथे ते अक्षरशः झालं.

आता गंमत बघा. तेव्हाच्या नियमात टीव्हीच्या अँटेनाला जोडायच्या वस्तूवर फार कडक मर्यादा होती. टीव्ही गेम, त्यातला आरएफ मॉड्युलेटर, सगळं एफसीसीकडून मंजूर करून घ्यावं लागे. पण तोच कॉम्प्युटर स्वतःच्या मॉनिटरला जोडला तर? जवळजवळ मोकळं रान. म्हणून टँडीने मॉनिटर सोबत दिला आणि सुटले. ॲपलने दुसरी शक्कल काढली. ॲपल टू नुसता व्हिडिओ सिग्नल द्यायचा, आणि टीव्हीला जोडायचा मॉड्युलेटर 'सुपआरमॉड' नावाने दुसराच माणूस विकायचा. ग्राहक दोन्ही घरी नेऊन जोडणार हे सगळ्यांना माहीत होतं. कायद्याने मात्र ॲपलचे हात स्वच्छ.

सरळ रस्त्याने गेले ते बिचारे अडकले. अटारीला आपला कॉम्प्युटर थेट टीव्हीलाच जोडायचा होता, तो त्यांचा धंदाच. म्हणून १९७९ मध्ये बाजारात आलेल्या अटारी ४०० आणि ८०० च्या आत ओतीव ॲल्युमिनियमचं जाडजूड कवच आहे. जुनं मशीन उघडणारे लोक ते बघून थक्क होतात, वाटतं आत तिजोरी ठेवलीय. ॲपलसारखे मोकळे स्लॉट ठेवणं शक्य नव्हतं, कारण प्रत्येक भोकातून लहरी गळणार. म्हणून ड्राइव्ह, प्रिंटर सगळं एकाच सिरीयल केबलवर एकामागोमाग एक जोडायची पद्धत त्यांनी काढली. ती केबल ज्यांनी आखली त्यांत जो डिक्युअर होता, आणि पुढे यूएसबीच्या कामातही तो होता. तुमच्या टेबलावरच्या त्या केबलचं एक मूळ अमेरिकेतल्या टीव्हीवर रेघा येऊ नयेत या काळजीत आहे, म्हणायला हरकत नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं तर आणखी वाईट झालं. त्यांच्या टीआय-९९/४ ला टीव्हीची परवानगी मिळेना, म्हणून रंगीत मॉनिटरसकट ११५० डॉलरला विकायची वेळ आली. कोण घेणार?

इकडे एफसीसीकडे तक्रारी येतच होत्या, आणि नुसत्या टीव्हीच्या नाही. नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेम्सचे सिग्नल पोलिसांच्या वायरलेसमध्ये घुसले. एका दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक कॅश रजिस्टरने विमानतळाच्या सुरक्षेच्या फ्रिक्वेन्सीवर गोंधळ घातला. १९७६ पासून चर्चा चालली, आणि १९७९ च्या शरदात आदेश निघाला. व्याख्या साधी: सेकंदाला १०,००० पेक्षा जास्त पल्स वापरणारं ते 'कॉम्प्युटिंग डिव्हाइस'. मॉनिटर असो वा टीव्ही, सगळे एका रांगेत. मग दोन वर्ग. ऑफिस आणि कारखान्यासाठी क्लास ए, त्याचं माप ३० मीटरवरून (आता १०). घरासाठी क्लास बी, माप ३ मीटरवरून. ३० ते ८८ मेगाहर्ट्झमध्ये मर्यादा मीटरला १०० मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा दहा हजारावा भाग. ८८ ते २१६ मध्ये १५०. आमचं डबडं याच दुसऱ्या ओळीत अडकलं होतं. आकडे अजून तेच आहेत!

घराला जास्त कडक का? मला आधी उलटं वाटलं होतं, कारखान्यात महागडी यंत्रं असतात, तिथे कडक हवं. पण कारखान्याच्या आजूबाजूला मोकळी जागा असते. घराला शेजार असतो. तुमच्या कॉम्प्युटरपासून शेजाऱ्याच्या टीव्हीपर्यंत मध्ये एक भिंत. आणि चाळीतल्या मिक्सरचा आवाज तरी ऐकू यायचा, कुठल्या काकू ते कळायचं. कॉम्प्युटर मुका. ज्याला त्रास होतो त्याला कारण दिसत नाही, आणि ज्याच्यामुळे होतो त्याला पत्ताच नसतो. तेव्हा भांडून मिटवायची सोयच नाही. कारखान्याच्या दारातच थांबवायला हवं होतं, हे मला पटतं. छोट्या, गॅरेजमधल्या कंपन्यांना टेस्टिंगचा खर्च जड गेला असणार हेही खरं.

घरगुती कॉम्प्युटरसाठी तारीख होती १ जानेवारी १९८१. टीआरएस-८० चं पहिलं मॉडेल, दोन लाखांच्या वर खपलेलं, ते नियमात बसवणं शक्यच नव्हतं. टँडीने ते बंद केलं. ॲपलने टू प्लसचा बोर्ड सुधारला. टीआयला मात्र नियम पावला: १९८१ मध्ये ९९/४ए आला तो टीव्हीला जोडायचा, ५२५ डॉलरला. म्हणजे ज्यांना मोकळं रान होतं त्यांच्यावर बंधन आलं, आणि ज्यांच्या गळ्याला फास होता त्यांचा सैल झाला. नियम आला की धंदा बुडतो म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर बघावं.

त्या नियमाबरोबरचा मजकूर तुम्ही शंभरदा बघितला असेल आणि एकदाही वाचला नसेल. दोन अटी. पहिली: या उपकरणाने कोणाला अपायकारक अडथळा आणायचा नाही. दुसरी: बाहेरून येईल तो अडथळा मुकाट्याने सोसायचा, उपकरण नीट चाललं नाही तरी. ही दुसरी अट मला आधी अन्यायाची वाटली. मग लक्षात आलं, तीच तर लायसन्स न लागण्याची किंमत आहे. १९८५ मध्ये एफसीसीने २.४ गिगाहर्ट्झ वगैरे पट्टे, जिथे मायक्रोवेव्ह ओव्हन आधीच धुमाकूळ घालत होते, ते याच पार्ट १५ खाली स्प्रेड स्पेक्ट्रमला खुले केले. त्यातून १९९७ मध्ये ८०२.११ आलं, म्हणजे आपलं वाय-फाय. आपल्याकडे हा पट्टा २००५ मध्ये लायसन्समुक्त झाला. ओव्हन लावल्यावर तुमचा व्हिडिओ कॉल अडखळतो तेव्हा तुम्ही ती दुसरी अटच पाळत असता.

आता शेजाऱ्याचा टीव्ही डिशवर नाहीतर इंटरनेटवर चालतो, मग हे सगळं कोणासाठी? पुण्याहून नारायणगावकडे गेलात तर खोडदला जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. ती जागा निवडताना एक कारण होतं तिथली रेडिओ शांतता. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा क्षीण सिग्नल ऐकायला बसलेल्या त्या शेजाऱ्याला क्लास बीची मर्यादा म्हणजे कानाशी लाउडस्पीकर. त्यांच्या शास्त्रज्ञांच्या कामातला एक भाग नुसता आपल्यासारख्यांचा कचरा ओळखून बाजूला काढण्यात जातो. १९७९ चा नियम लिहिताना तो शेजारी कोणाच्या डोळ्यापुढे नव्हता.

असो. आमच्या डबड्याचं पुढे काय झालं? डिस्प्लेच्या पिनांना किती जोर द्यायचा हे सॉफ्टवेअरमधून ठरतं. मी दोन वर्षांपूर्वी सगळ्या पिनांना कमाल जोर देऊन ठेवला होता, 'चालतंय ना, राहू दे' म्हणत. कमाल जोर म्हणजे धारदार कडा, म्हणजे लांब शेपूट. एक ओळ बदलली, जोर दोन पायऱ्या खाली आणला. पुढच्या मंगळवारी परत टेस्ट झाली, आणि १४४ ला आम्ही मर्यादेच्या तीन डीबी खाली होतो. मग मला लेबलचा मजकूर तपासायला पाठवला. त्या दोन्ही अटी नोकरीतल्या इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचल्या, आणि त्यात एक स्पेलिंग चुकलेलं सापडलं.