मार्लवाईत आधी मास्तर बदलला

मूल शाळेतून पळतं, वर्गात तोंड उघडत नाही. म्हणजे ते हट्टी आहे आणि आईबापांना शिक्षणाची कदर नाही. डोंगरपट्ट्यातल्या मुलांबद्दल हा निवाडा आजही झटकन दिला जातो. आदिलाबादच्या गोंड गुड्यांतून त्याला ८० वर्षांपूर्वीच उत्तर मिळालं आहे.

१९४० साली जोडेघाटला गोंडांच्या बंडाचे नेते कुमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. पुढे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी या भागात राहून अभ्यास केला आणि बंडामागचं खरं दुखणं सरकारपुढे मांडलं : जमीन आणि जंगल हातचं गेलं होतं. ज्यांनी सरकार पाहिलं ते जंगल खात्याच्या शिपायाच्या रूपात, त्यांनी आपलं पोर सरकारी मास्तराच्या हवाली का करावं? पालकांची ही धास्ती अनुभवातून आलेली होती.

म्हणून १९४३ मध्ये याच भागातल्या मार्लवाईला शिक्षक घडवणारं केंद्र निघालं. बाहेरून मास्तर आणण्याऐवजी जेमतेम साक्षर गोंड तरुणांनाच तिथे तयार केलं गेलं. वाचनपाठ गोंडी भाषेत, लिपी देवनागरी. मराठीची ओळख इथल्या गोंडांना होतीच. घरात आणि शाळेत एकच बोली आली. मुलाला बदलायला सांगण्याआधी मोठ्यांनी स्वतः बदलायचं ठरवलं, हे या प्रयोगाचं खरं मोठेपण. निजामाच्या मुलकी सेवेतले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी याच जिल्ह्यात काम करताना गोंडी शिकले आणि त्यांनी तिचं व्याकरणही लिहिलं. अधिकाऱ्याने रयतेची भाषा शिकावी, ही तेव्हाही विरळा गोष्ट.

याच दशकात, १९४५ साली, ताराबाई मोडकांनी बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे कोसबाडला गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. थोरल्या मुलीच्या कडेवर धाकटं भावंड असे, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आली. गैरहजेरीचं खापर मुलीवर फुटलं नाही.

१९५६च्या राज्य पुनर्रचनेत आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला. शाळांत तेलुगूचं वजन वाढत गेलं आणि गोंडी पाठ मागे पडले. आज मार्लवाई कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. या डोंगरांत अजूनही पुष्कळ मुलं घरी गोंडी बोलतात आणि शाळेत तेलुगू पुस्तक उघडतात.