पल्ला आणि पोच : नौकेवरील संदेशसंपर्काचा इतिहास

नौकेवर दिवसचे दिवस राहणाऱ्या माणसाला मोबाइलचे इंटरनेट भरवशाने कसे मिळावे, हा प्रश्न वरवर पाहता यंत्रशास्त्राचा आहे. त्याची चर्चा किल्लारीच्या संदर्भात करावी, हे तर काहीसे विचित्रच वाटेल. औसा तालुक्यातील हे गाव समुद्रकिनाऱ्यापासून साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे आणि जवळून वाहणाऱ्या तेरणेवर जहाजे चालत नाहीत. तथापि या प्रश्नाचे यांत्रिक कवच दूर केले, तर आत एक जुनाच मानवी प्रश्न आढळतो. तारेच्या पलीकडे असलेल्या माणसाचा निरोप पोचावा कसा, आणि तो पोचला हे त्याला कळावे कसे? या प्रश्नाचा अनुभव समुद्रावरच्या माणसाला नित्याचा आहे. किल्लारीला तो १९९३ साली एका रात्रीत आला. म्हणूनच या दोहोंचा विचार एकत्र करणे अप्रस्तुत होणार नाही.

प्रारंभी दोन शब्दांचा विचार करणे इष्ट आहे. मराठीत ‘पल्ला’ हा शब्द अंतराचा वाचक आहे. तोफेचा पल्ला, लांब पल्ल्याचा प्रवास, असे प्रयोग आपण करतो. ‘पोच’ या शब्दाचे क्षेत्र याहून व्यापक आहे. एखादी गोष्ट आपल्या पोचेत आहे, असे म्हणताना तो आवाक्याचा अर्थ देतो. पत्राची पोच दिली, असे म्हणताना तोच शब्द प्राप्तीची कबुली दर्शवितो. अलीकडे खेडोपाडी रुळलेला ‘रेंज’ हा शब्द यांपैकी केवळ पल्ल्याची जागा घेतो. ‘रेंज आहे’ म्हणजे मनोऱ्याचा पल्ला इथवर येतो, एवढेच. निरोप पोचल्याची ग्वाही त्यात नाही. नौकेवरील संदेशवहनाचा इतिहास पाहिला असता असे दिसते की, शास्त्राने पल्ला झपाट्याने वाढविला, परंतु पोचेचा विचार मात्र बहुधा एखादा अनर्थ घडल्यानंतरच झाला. हेच येथे दाखवावयाचे आहे.

भारतातील तारायंत्राचा जन्मच मुळी जहाजांच्या बातमीसाठी झाला, ही गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही. विल्यम ओशॉनेसी याच्या देखरेखीखाली उभारलेली आणि १८५१ साली कार्यान्वित झालेली पहिली तार कलकत्त्याहून डायमंड हार्बरपर्यंत गेली होती. हुगळीच्या मुखाशी कोणती जहाजे आली, हे राजधानीतील व्यापाऱ्यांना व अधिकाऱ्यांना त्वरित कळावे, हा तिचा एक मुख्य उपयोग होता. पुढे १८७० साली समुद्रतळावरून आलेली तार मुंबईस येऊन पोचली आणि एडनमार्गे मुंबई व लंडन यांचा संबंध जडला. परंतु यातील विसंगती पाहण्यासारखी आहे. तार समुद्राखालून गेली, तरी त्याच समुद्राच्या पृष्ठभागावर तरंगणाऱ्या जहाजाला तिचा काडीइतकाही उपयोग नव्हता. धक्का सुटला की जहाज आणि भूमी यांतील बोलणे संपे. तार ही बंदराची सोय होती, नौकेची नव्हे.

ही उणीव बिनतारी यंत्राने भरून काढली. १८९७ साली मार्कोनीने ब्रिस्टलच्या खाडीवरून बिनतारी संदेश पाठविला आणि त्यानंतर दहा-पंधरा वर्षांतच मोठ्या प्रवासी जहाजांवर बिनतारी खोल्या दिसू लागल्या. पल्ला शेकडो मैलांचा झाला. तरीही १९१२ च्या एप्रिलमध्ये ‘टायटॅनिक’ बुडाले, तेव्हा जवळच्या ‘कॅलिफोर्नियन’ या जहाजाला तिचा धावा ऐकू गेला नाही. त्या जहाजावर यंत्र होते. मात्र एकुलता एक यंत्रचालक त्या सुमारास काम आटोपून झोपी गेला होता. पल्ला होता, पोच नव्हती. या अनर्थानंतर १९१४ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात जहाजांवर बिनतारी यंत्राशी अहोरात्र पहारा ठेवण्याचे तत्त्व मान्य झाले.

महाराष्ट्राला याची आठवण आणखी जवळून आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मुंबई तेथून काही मैलांवरच होती, परंतु बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. सकाळी घडलेली ही घटना शहराला कळावयास कित्येक तास लागले. जी माणसे वाचली, त्यांतील अनेकांना वाचविले ते रेवसच्या बाजूने येणाऱ्या कोळ्यांच्या होड्यांनी. ज्या शहरात लंडनची तार येऊन सत्त्याहत्तर वर्षे झाली होती, त्याच्या दाराशी बुडणाऱ्या माणसांची हाक त्याला ऐकू आली नाही. अंतर हा संपर्काचा खरा शत्रू नव्हे, हे सांगावयास याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

आता किल्लारीकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत अदमासे दहा हजार माणसे दगावली. त्या वर्षी भारतात मोबाइल सेवा नव्हती; तिचा आरंभ ३१ जुलै १९९५ रोजी व्हावयाचा होता. सर्वसामान्यांसाठी इंटरनेटही १५ ऑगस्ट १९९५ रोजी आले. तारेवरचा दूरध्वनी खांबांवर, इमारतींवर आणि विजेवर विसंबून असतो, आणि भूकंप नेमके याच तिन्हींवर आघात करतो. अशा वेळी हौशी बिनतारी संदेशकांनी (ज्यांना आपण ‘हॅम’ म्हणतो) आपली यंत्रे घेऊन त्या प्रदेशात जे काम केले, त्याचे मोल मोठे आहे. विद्युत्घट, लहानसे यंत्र आणि उभारलेली तारेची आकाशिका एवढ्या सामग्रीवर चालणारी ही पद्धती वस्तुतः नौकेवरचीच पद्धती आहे. तारेपासून तुटलेले गाव हे त्या काळापुरते नौकाच असते, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे भूकंप-पुनर्वसनाच्या कार्यक्रमाचाच एक भाग म्हणून राज्याने आपत्ती-व्यवस्थापनाचा आराखडा सिद्ध केला आणि मंत्रालयातील नियंत्रण कक्षाशी जिल्ह्यांची ठिकाणे जोडण्याची व्यवस्था झाली. येथेही क्रम तोच होता : आधी अनर्थ, मग पोच.

दरम्यान समुद्रावरील संपर्काला उपग्रहाचा आधार मिळाला होता. जहाजांसाठी उपग्रहसेवा देणारी ‘इन्मारसॅट’ ही आंतरराष्ट्रीय संस्था १९७९ साली स्थापन झाली. पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे १९७१ साली उपग्रह-भूकेंद्र उभे राहिले होते. पुढे त्याच आर्वीतून हिंदी महासागरातील जहाजांची ही सेवाही चालली. सह्याद्रीच्या पूर्वेस, समुद्राचा वाराही न लागणाऱ्या माळावरून जहाजांशी बोलणे चालावे, ही गोष्ट मोठी उद्‌बोधक आहे. १ फेब्रुवारी १९९९ पासून जागतिक सागरी संकट-संदेशव्यवस्था पूर्णत्वाने अमलात आली आणि जुन्या मोर्स संकेतांनी निरोप घेतला. परंतु ही सक्ती तीनशे टनांवरील मालवाहू जहाजांना व आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या प्रवासी जहाजांना होती. कोकणातील तांडेल आणि खलाशी ज्या मासेमारी नौकांवर आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस काढतात, त्या या नियमाच्या कक्षेबाहेरच राहिल्या. नौकेवर राहणाऱ्यांत ज्यांची संख्या मोठी, तेच व्यवस्थेच्या बाहेर, अशी ही स्थिती होती.

या माणसांच्या हाती पहिले साधन आले ते मोबाइलचे. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मनोरे उभे राहिले, तेव्हा कोळी समुद्रातूनच निरनिराळ्या बाजारांतील भाव विचारू लागले. मासळीच्या भावांतील तफावत त्यामुळे कमी झाली आणि गिऱ्हाइकाअभावी मासळी फेकून देण्याची पाळी टळली. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ साली हे सप्रमाण दाखविले. मात्र हे मनोरे समुद्रासाठी उभारलेले नव्हते. जमिनीवरील गिऱ्हाइकासाठी योजलेल्या लहरींचा जो अंश पाण्यावर सांडला, त्यावर नौका भागवीत होत्या.

ही सांडलेली लहर किती दूर जाते, याचे गणित सोपे आहे. पृथ्वीच्या वक्रतेमुळे लहरीचे क्षितिज ठरते. उंचीच्या (मीटरमध्ये) वर्गमुळाला ४.१२ ने गुणले असता ते स्थूलमानाने किलोमीटरमध्ये मिळते. मनोऱ्याचे टोक समुद्रसपाटीपासून ३६ मीटरांवर असेल, तर त्याचे क्षितिज सुमारे २५ किलोमीटर, नौकेवर ४ मीटरांवर धरलेल्या फोनचे ८ किलोमीटर, एकूण ३३. तीच आकाशिका डोलकाठीवर ९ मीटरांवर चढविली, तर नौकेचा वाटा १२ किलोमीटरांचा होतो आणि बेरीज ३७ वर जाते. शिवाय दुसऱ्या पिढीच्या सेवेत वेळेच्या हिशेबामुळे ३५ किलोमीटरांची मर्यादा मुळातच घातलेली होती; चौथ्या पिढीच्या पद्धतीत ती पुष्कळ सैल झाली. नौकेवर राहणाऱ्याने यावरून व्यवहारापुरता बोध घ्यावयाचा तो असा : आकाशिका केबिनीबाहेर आणि उंच असावी, कारण लोखंडी भिंत लहर अडविते, ती सर्व दिशांची असावी, कारण नौका डुलते व वळते, आणि एका दिशेला रोखलेली आकाशिका तत्काळ चुकते, तसेच दोन भिन्न कंपन्यांची सिमकार्डे बाळगावी, कारण एकाच खाडीच्या दोन तोंडांना दोन वेगळे मनोरे दिसतात. हे सर्व केले, तरी क्षितिजापलीकडे मोबाइलचे राज्य संपते.

ते संपते तेथे काय होते, हे २०१७ च्या ओखी वादळाने दाखविले. नोव्हेंबरच्या अखेरीस वादळ उठले, तेव्हा कित्येक नौका त्याआधीच खोल समुद्रात गेलेल्या होत्या. किनाऱ्यावर दिलेला इशारा त्यांच्यापर्यंत गेला नाही आणि केरळ व तमिळनाडूतील अनेक कोळी परतले नाहीत. काही नौका वाऱ्याबरोबर उत्तरेस येऊन देवगडच्या बंदरात आश्रयास आल्या. त्या किनाऱ्याला लागल्या, तेव्हाच त्यांतील पुष्कळांचे कुशल त्यांच्या घरी कळले. यानंतर ९ ऑक्टोबर २०१९ रोजी ‘जेमिनी’ या उपकरणाचे उद्घाटन झाले. उपग्रहाकडून आलेला हवामानाचा व मासळीच्या ठिकाणांचा निरोप ते नौकेवरील मोबाइलला देते. परंतु तो निरोप एकेरी होता. कोळी ऐकू शके, बोलू शकत नसे. याच्या उलट, इस्रोने २०१० पासून नौकांसाठी उपलब्ध केलेल्या संकटसूचक यंत्रातून कोळी धावा करू शके. मात्र तो कोणी ऐकला की नाही, हे त्याला कळत नसे. बुडत्या नौकेवरील माणसाने कळ दाबावी आणि अंधारात वाट पाहावी, एवढेच त्याच्या हाती उरे. जानेवारी २०२४ मध्ये कार्यान्वित झालेल्या या यंत्राच्या दुसऱ्या आवृत्तीत ही उणीव ओळखली गेली, आणि धावा मिळाल्याची कबुली नौकेकडे परत पाठविण्याची सोय झाली. मराठीत या सोयीला दुसरा शब्दच नाही. ती पोच आहे. त्यानंतर ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे देशातील १ लाख मासेमारी नौकांवर दुहेरी संदेशयंत्रे बसविण्याच्या योजनेचा आरंभ झाला.

येथे कोणी म्हणेल की, संकटाचा चार शब्दांचा निरोप वेगळा आणि रोजच्या वापरातील इंटरनेट वेगळे. हा आक्षेप अंशतः खरा आहे. डिसेंबर २०१८ च्या नियमांनी भारतीय सागरी हद्दीतील जहाजांवर उपग्रहाद्वारे दूरध्वनी व इंटरनेट देण्यास मुभा मिळाली. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असल्यामुळे प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद लागतो. सुमारे ५५० किलोमीटरांवरून फिरणाऱ्या नव्या उपग्रहांनी हा विलंब जवळजवळ नाहीसा केला. परंतु उपग्रह-दूरध्वनीस आपल्या देशात परवाना लागतो, आणि वेगवान सेवेचे मोल लहान नौकेला पेलवणारे नाही. शिवाय वेग म्हणजे भरवसा नव्हे. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात अभिलाष टॉमी यांची नौका उलटली, डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर दुखापत होऊन ते पडून राहिले. त्या वेळी किनाऱ्याशी त्यांचा धागा टिकला तो केवळ मजकूर पाठविणाऱ्या एका लहानशा उपग्रह-यंत्रामुळे. काही मोजके शब्द गेले, उत्तर आले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांची सुटका झाली.

यास्तव भरवशाच्या संपर्काची कसोटी पल्ल्यावर न लावता पोचेवर लावावी लागेल. ज्याच्यापाशी दोन भिन्न जातीचे मार्ग आहेत, एक किनाऱ्याच्या मनोऱ्याचा व दुसरा आकाशाचा, आणि ज्याच्या निरोपाला उत्तर देण्याची जबाबदारी पलीकडे कोणीतरी पत्करली आहे, त्याचाच संपर्क भरवशाचा. यांतील पहिली अट यंत्राने पुरी होते. दुसरी माणसांनीच पुरी करावयाची असते. ‘कॅलिफोर्नियन’वरील निजलेला यंत्रचालक आपल्याला हेच सांगतो.

१५ जुलै २०१३ पासून भारतातील तारसेवा बंद झाली. तार गेली, तरी ‘बिनतारी’ हा शब्द तिच्या अभावाची खूण म्हणून भाषेत राहिला आहे. ‘रेंज’ हा शब्दही असाच एक दिवस निरर्थक होईल. आकाशातून लहरी सर्वत्रच बरसू लागल्या, म्हणजे पल्ल्याची गोष्ट कोण काढील? त्या दिवशीही ‘पोच’ हा शब्द मात्र लागेल. किल्लारीत १९९३ च्या त्या पहाटे ढिगाऱ्याखालून आलेल्या हाकेला आणि काशाच्या खडकापाशी लाटांतून उठलेल्या हाकेला हवी होती ती एकच गोष्ट : आम्ही ऐकले, आम्ही येत आहो, एवढे उत्तर.