द बॅटमॅन (२०२२) : समीक्षक आणि प्रेक्षक यांचा प्रतिसाद

मॅट रीव्ह्ज यांनी दिग्दर्शित केलेला आणि ४ मार्च २०२२ रोजी अमेरिकेत व भारतात प्रदर्शित झालेला इंग्रजी चित्रपट. पटकथा रीव्ह्ज आणि पीटर क्रेग यांची असून रॉबर्ट पॅटिन्सन यांनी ब्रूस वेन ऊर्फ बॅटमॅन ही भूमिका केली आहे. गॉथम या काल्पनिक शहरात हॅलोवीनच्या रात्री महापौराचा खून होतो, खुनी प्रत्येक प्रेतापाशी बॅटमॅनच्या नावे एक कोडे ठेवून जातो आणि त्या कोड्यांचा माग काढता काढता शहराच्या सत्तेत मुरलेला भ्रष्टाचार उघडा पडत जातो, असे कथेचे सूत्र आहे. समीक्षकांनी आणि प्रेक्षकांनी या चित्रपटाचे बहुतांशी स्वागत केले. मात्र काळोख, संथ गती, नायकाचे मिटलेपण आणि त्याच्या तपासातील चुका या ज्या गोष्टींसाठी एका गटाने तो डोक्यावर घेतला, नेमक्या त्याच गोष्टींवर दुसऱ्या गटाने बोट ठेवले, आणि त्यामुळे या प्रतिसादाचा इतिहास चित्रपटाइतकाच अभ्यसनीय ठरला आहे.

बॅटमॅन हे पात्र बॉब केन आणि बिल फिंगर यांनी निर्माण केले व ते १९३९ साली ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या सत्ताविसाव्या अंकात प्रथम अवतरले. चित्रकथामालेच्या नावातच गुप्तहेर असला, तरी पडद्यावरच्या बॅटमॅनने तपासापेक्षा मारामारीच अधिक केली, ही चित्रकथांच्या जुन्या वाचकांची अनेक वर्षांची तक्रार होती. टिम बर्टन यांच्या चित्रपटांत गॉथमच्या स्वप्नवत वास्तुरचनेला, तर ख्रिस्तोफर नोलन यांच्या २००५, २००८ आणि २०१२ मधील तीन चित्रपटांत दहशत आणि राज्यव्यवस्था यांच्या प्रश्नांना अग्रभाग मिळाला. पुरावा गोळा करणे, तो वाचणे आणि चुकीचा निष्कर्ष काढून पुन्हा मागे फिरणे ही गुप्तहेरकथेची मूळ कसरत त्यांत गौण राहिली. रीव्ह्ज यांनी ही उणीव भरून काढण्याचे ठरवले आणि त्यासाठी ‘इयर वन’, ‘द लाँग हॅलोवीन’ व ‘ईगो’ या चित्रकथांबरोबरच ‘द फ्रेंच कनेक्शन’, ‘क्लूट’, ‘चायनाटाउन’ आणि ‘टॅक्सी ड्रायव्हर’ या १९७० च्या दशकातील अमेरिकी चित्रपटांचा आधार घेतला. या चित्रपटांची नाळ फिल्म न्वार या प्रकाराशी जुळते. फिल्म न्वार म्हणजे १९४० च्या दशकात हॉलिवूडमध्ये आकाराला आलेली आणि फ्रेंच समीक्षकांनी ‘काळा चित्रपट’ या अर्थाने नाव दिलेली गुन्हेपटांची धारा. तीत शहर रात्रीचे असते, नायक थकलेला व संशयी असतो आणि गुन्ह्याचा उलगडा झाला तरी न्याय मिळेलच याची खात्री नसते.

चित्रपटाविषयीच्या प्रतिक्रियांना तो तयार होण्याच्या आधीच सुरुवात झाली होती. मे २०१९ मध्ये पॅटिन्सन यांचे नाव पुढे येताच विरोधाची लाट उठली आणि निवड रद्द करावी यासाठी सह्यांची मोहीमही निघाली, कारण मोठ्या प्रेक्षकवर्गाच्या मनात ते अजूनही ‘ट्वायलाइट’ मालिकेतील प्रेमविव्हल रक्तपिपासू तरुण म्हणूनच ठसलेले होते. या व्यक्तिरेखेच्या बाबतीत हे नवे नव्हते. १९८८ मध्ये मायकेल कीटन यांच्या निवडीविरुद्ध निर्मितीसंस्थेकडे हजारो पत्रे आली होती आणि २०१३ मध्ये बेन ॲफ्लेक यांच्याही वाट्याला असाच रोष आला होता. ‘ट्वायलाइट’नंतरच्या काळात ‘गुड टाइम’ आणि ‘द लाइटहाउस’ यांसारख्या छोट्या, अवघड चित्रपटांतून पॅटिन्सन यांनी केलेले काम ज्यांनी पाहिले होते, त्यांना मात्र ही निवड पटण्यासारखी वाटली. रीव्ह्ज यांनीही ‘गुड टाइम’ पाहिल्यानंतर याच नटाला डोळ्यांपुढे ठेवून लेखन केल्याचे सांगितले आहे. जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेले चित्रीकरण कोविडच्या साथीमुळे मार्चमध्ये थांबले आणि प्रदर्शन दोनदा पुढे गेले, तरी तोवर प्रसिद्ध झालेल्या झलकींनी विरोध बराच निवळला होता.

आकड्यांच्या भाषेत पाहिल्यास चित्रपट निःसंशय यशस्वी ठरला. परीक्षणे एकत्र करून त्यांपैकी अनुकूल किती याचे शेकडा प्रमाण देणाऱ्या रॉटन टोमॅटोज या सेवेवर त्याला सुमारे ८५ टक्के, तर परीक्षणांची भारित सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर १०० पैकी ७२ गुण मिळाले. अमेरिकेत पहिल्या रात्री चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून थेट श्रेणी घेणाऱ्या सिनेमास्कोर या पाहणीत त्याला ‘ए उणे’ ही श्रेणी मिळाली, आणि जवळपास तीन तासांच्या, विनोदाला फारशी जागा नसलेल्या चित्रपटासाठी ती लक्षणीय आहे. उत्तर अमेरिकेतील पहिल्या आठवडाअखेरीस त्याने सुमारे १३.४ कोटी डॉलर मिळवले. साथीच्या काळात तेथे पहिल्या तीन दिवसांत दहा कोटींचा टप्पा ओलांडणारा ‘स्पायडर-मॅन : नो वे होम’नंतरचा हा दुसराच चित्रपट होता. युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियातील प्रदर्शन रोखण्यात आले आणि चीनमध्ये साथीमुळे अनेक चित्रपटगृहे बंद होती, तरीही जगभरातील एकूण उत्पन्न सुमारे ७७ कोटी डॉलरपर्यंत पोहोचले.

समीक्षकांच्या स्तुतीचा सर्वांत मोठा वाटा चित्रपटाच्या दृश्यरूपाला मिळाला. छायालेखक ग्रेग फ्रेझर आणि कलादिग्दर्शक जेम्स चिन्लंड यांनी उभे केलेले गॉथम सतत पावसात भिजलेले, पिवळट-तांबूस दिव्यांनी जेमतेम उजळलेले आणि कुजत चाललेले आहे. डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेले चित्रण फिल्मच्या पट्टीवर उतरवून पुन्हा संगणकात घेण्यात आले, त्यामुळे काळोखाला खरखरीत पोत आला. एका दृश्यात मिट्ट अंधाऱ्या बोळात बॅटमॅन चालून येतो आणि केवळ शत्रूंच्या बंदुकांतून उडणाऱ्या ज्वाळांच्या उजेडात तुकड्यातुकड्यांनी दिसतो. दुसऱ्यात उलटून पडलेल्या मोटारीत अडकलेल्या पेंग्विन या गुंडाच्या नजरेतून, आगीच्या पार्श्वभूमीवर तो डोके खाली पाय वर असा सावकाश जवळ येतो. ही दोन दृश्ये अनुकूल परीक्षणांत वारंवार उल्लेखली गेली, आणि ते योग्यच होते, कारण नायकाविषयी गुन्हेगाराला वाटणारी भीती एरवी संवादांतून सांगितली जाते, ती येथे प्रेक्षकाला स्वतःच्या डोळ्यांनी अनुभवावी लागते. हाच काळोख तक्रारीचाही विषय झाला. प्रदर्शनानंतर दीड महिन्याने, १८ एप्रिल २०२२ रोजी, चित्रपट एचबीओ मॅक्स या प्रक्षेपणसेवेवर उपलब्ध झाल्यावर दिवसाच्या उजेडात साध्या दूरचित्रवाणी संचावर तो पाहणाऱ्या अनेकांना कित्येक प्रसंगांत काय चालले आहे तेच दिसेना. चित्रपटगृहाच्या अंधारासाठी घडवलेली प्रतिमा घरच्या पडद्यावर किती टिकते, हा प्रश्न त्या तक्रारींच्या मुळाशी होता.

सर्वांत अर्थपूर्ण मतभेद तपासाविषयी झाले. अखेर एकदाचा गुप्तहेर बॅटमॅन पडद्यावर आला, असे म्हणून चाहत्यांनी आनंद व्यक्त केला. डेव्हिड फिंचर यांच्या ‘सेव्हन’ आणि ‘झोडिअ‍ॅक’ या चित्रपटांशी तुलनाही जवळजवळ प्रत्येक परीक्षणात आली, कारण कोडी व सांकेतिक लिपी वापरणारा चित्रपटातील खुनी रिडलर हा कॅलिफोर्नियातील झोडिअ‍ॅक या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या खुन्याच्या धर्तीवर बेतलेला आहे. याउलट, काही समीक्षकांनी असे दाखवून दिले की हा गुप्तहेर बहुतेक वेळा एक पाऊल मागेच राहतो : तो एकही मोठा खून टाळू शकत नाही, ‘पंख असलेला उंदीर’ या संकेताचा अर्थ पेंग्विनवर लादून फसतो आणि त्या संकेताच्या स्पॅनिशमधील लिंगाची चूक त्याला पेंग्विनकडून ऐकून घ्यावी लागते. या आक्षेपाला सर्वांत बळकट आधार देणारा प्रसंग शेवटाकडे येतो. रिडलरच्या खोलीत सापडलेले धातूचे हत्यार नेमके कशासाठी असते, हे बॅटमॅनला माहीत नसते. ते कळते दारात उभ्या असलेल्या एका साध्या पोलीस शिपायाला, कारण त्याचा काका गालिचे बसवण्याचे काम करतो आणि गालिच्याची कड खोचण्याचे ते हत्यार त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. त्यानंतर बॅटमॅन गालिचा उचकटतो आणि जमिनीवर काढलेला शहर बुडवण्याचा आराखडा उघडा पडतो, पण तोपर्यंत उशीर झालेला असतो. हा पटकथेतील दोष आहे, असे मानणाऱ्यांचे म्हणणे पूर्णपणे पटत नाही. वाड्यात वाढलेल्या अब्जाधीशाला कारागिराच्या हातातले हत्यार ओळखता येऊ नये आणि शहराच्या विनाशाची किल्ली त्याच हत्यारात असावी, ही योजना सहेतुक आहे; आपल्या शहरातील माणसे कशी जगतात हे ठाऊक नसणे हाच या गुप्तहेराचा खरा दोष आहे आणि पटकथेने तो तपासाच्या तपशिलातूनच सिद्ध केला आहे. ‘व्हरायटी’ या नियतकालिकात पीटर डीब्रूज यांनी सुपरहिरो या संकल्पनेचीच उलटतपासणी करण्याच्या तयारीत या चित्रपटाची थोरवी पाहिली, ती याच अर्थाने समजून घेता येते.

शेवटच्या टप्प्याबद्दल मात्र अनुकूल समीक्षकांमध्येही एकमत नव्हते. १७६ मिनिटांची लांबी अनेकांना खटकली आणि गुन्हेगार पकडला गेल्यानंतर बांध फोडून शहरात आणलेला पूर, त्यात आसरा शोधणारी गर्दी आणि तिच्यावर छतावरून गोळ्या झाडणारे रिडलरचे अनुयायी हा सारा भाग गुप्तहेरकथेला सोडून नेहमीच्या भव्य विध्वंसाकडे वळतो, असा आक्षेप घेतला गेला. महाजालावर जमवलेल्या एकाकी, संतप्त पुरुषांची ही टोळी पाहताना ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकी संसदभवनावर झालेला हल्ला अनेकांना आठवला. लांबीविषयीचा आक्षेप काही अंशी खरा असला, तरी हा भाग वगळल्यास चित्रपटाचा अर्थच निसटतो. पकडल्या गेलेल्या हल्लेखोराला तो कोण हे विचारताच तो स्वतःला सूड म्हणवतो, म्हणजे बॅटमॅनने आरंभी स्वतःविषयी उच्चारलेलेच शब्द परत करतो. त्या आरंभीच्या प्रसंगात रेल्वेस्थानकावर गुंडांपासून वाचवलेला माणूसही बॅटमॅनकडे दयेची याचना करतो. शेवटी पुरातून बाहेर काढलेली एक जखमी स्त्री, तिला हेलिकॉप्टरने उचलून नेत असताना, त्याचा हात सोडायला तयार नसते. या दोन प्रसंगांमधले अंतर कापण्यासाठी पूर आवश्यक होता. आर्कम या गुन्हेगारांच्या मनोरुग्णालयातील एका अर्धवट दिसणाऱ्या कैद्याचा प्रसंग मात्र पुढील चित्रपटाची जाहिरात वाटावा इतका उपरा आहे आणि त्यावरील टीका रास्त होती.

अभिनयाच्या संदर्भात पॅटिन्सन यांचा ब्रूस वेन दिवसाउजेडी जगात वावरूच शकत नाही, हे काहींना एकसुरी वाटले, तर काहींनी त्यात मुखवटा उतरवल्यावर कुणीच उरत नाही अशा माणसाचे चित्र पाहिले. झोई क्रॅव्हिट्झ यांची बॅटमॅनला साथ देणारी सेलिना काइल आणि जेफ्री राइट यांचा शांत, विश्वासू पोलीस अधिकारी गॉर्डन यांना जवळजवळ सर्वत्र पसंती मिळाली. पॉल डॅनो यांच्या रिडलरचा किंचाळता आवेश भयावह की अतिरंजित, यावर मतांतरे राहिली. कॉलिन फॅरेल हे रंगभूषाकार माइक मरिनो यांच्या कामगिरीमुळे पेंग्विनच्या रूपात ओळखू येईनासे झाले, आणि या परिवर्तनाची चर्चा प्रेक्षकांमध्ये दीर्घकाळ टिकली. मायकेल जियाकिनो यांचे अंत्ययात्रेच्या चालीसारखे चार स्वरांचे सूत्र, रिडलरशी जोडलेली शूबर्टची ‘आवे मारिया’ ही रचना आणि निर्वाणा या वाद्यवृंदाचे १९९१ मधील ‘समथिंग इन द वे’ हे गीत यांनीही प्रेक्षकांच्या मनात घर केले. चित्रपटानंतर या तीस वर्षांपूर्वीच्या गीताला नवे श्रोते लाभले.

पंचाण्णवाव्या ऑस्कर पुरस्कारांत ध्वनी, रंगभूषा-केशभूषा आणि दृश्यपरिणाम या तीन विभागांत चित्रपटाला नामांकने मिळाली, पुरस्कार मात्र एकही मिळाला नाही. सर्वाधिक वाखाणलेल्या फ्रेझर यांच्या छायालेखनाला नामांकनही न मिळाल्याची खंत अनेकांनी व्यक्त केली. ब्रिटिश चित्रपट अकादमीने मात्र ते नामांकन दिले होते. पुरानंतरच्या गॉथममध्ये घडणारी ‘द पेंग्विन’ ही आठ भागांची मालिका सप्टेंबर २०२४ पासून एचबीओवर दाखवण्यात आली. बॅटमॅन तीत कोठेही दिसत नसतानाही तिला मोठी प्रशंसा मिळाली, आणि चित्रपटात जेमतेम काही प्रसंग वाट्याला आलेल्या फॅरेल यांना त्याच भूमिकेसाठी २०२५ मध्ये गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला.