तारेवाचून तारयंत्र

जबलपूरच्या राइट टाउन या वस्तीचे नाव तारखात्याच्या इतिहासात येते ते तेथील दूरसंचार कारखान्यामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा कारखाना उभा राहिला. १९४२ साली दूरसंचाराचे प्रशिक्षण केंद्रही याच शहरात स्थापन झाले. सैन्याच्या सिग्नल दलाचे शिक्षणही जबलपुरातच चाले. १९५६ पर्यंत नागपूर ज्या प्रांताची राजधानी होते, त्या प्रांतातील हे शहर अशा रीतीने तारेच्या विद्येचे एक माहेरघर बनले. पुढे तार मागे पडली, आणि २०१३ च्या जुलै महिन्यात भारतातील सार्वजनिक तारसेवाही बंद झाली. तारेची विद्या मात्र तिच्याबरोबर संपली नाही. ज्या यंत्राला तारच काय, पण लोखंडाचा खिळाही नाही, अशा यंत्राच्या पोटात ती आजही नांदत आहे.

हे चमत्कारिक वाटेल, म्हणून थोडे मागे गेले पाहिजे. तारेवरून अक्षरे एकदम जात नाहीत. एकामागून एक खूण जाते. फ्रेंच तारखात्यातील एमिल बोडो याने १८७४ च्या सुमारास प्रत्येक अक्षराला सारख्या लांबीच्या पाच खुणा ठरवून दिल्या. बॉड हे वेगाचे परिमाण त्याच्याच नावाचे. पुढे टेलिप्रिंटर आला आणि नवा प्रश्न उभा राहिला: दोन टोकांची यंत्रे एकाच ठेक्यात कशी चालावीत? त्यावर काढलेली युक्ती मोठी साधी होती. विश्रांतीच्या वेळी तारेत प्रवाह वाहत राहावा. तो क्षणभर तुटला की अक्षर येत आहे असे समजावे. मग खुणा मोजाव्यात आणि शेवटी पुन्हा थांबावे. प्रत्येक अक्षर आपला प्रारंभ आणि आपला शेवट बरोबर घेऊन निघते. संगणकाच्या भाषेत ज्याला सिरियल म्हणतात, ते मुळात एवढेच.

१९६३ साली अमेरिकेत टेलिटाइप कंपनीचा ३३ क्रमांकाचा टेलिप्रिंटर बाजारात आला. सेकंदाला दहा अक्षरे, हा त्याचा वेग. तो स्वस्त होता, म्हणून छोट्या संगणकांना तोच जोडू लागले. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत युनिक्स प्रणालीचा जन्म झाला, तेव्हा माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये असाच टेलिप्रिंटर खडखडत होता. त्यामुळे युनिक्सने संवादाच्या प्रत्येक वाटेला टेलिटाइपचे संक्षिप्त नाव दिले: टीटीवाय. टेलिप्रिंटर भंगारात गेले, नाव राहिले. १९९१ मध्ये आलेल्या लिनक्सनेही ते वारशाने घेतले, आणि पहिल्या सिरियल तारेला टीटीवायएस० म्हटले.

प्रणालीचा जो गाभा यंत्राची सर्व सूत्रे हाती ठेवतो त्याला कर्नेल म्हणतात. (जबलपूरसारख्या छावणीच्या शहरात हे सांगणे अगत्याचे आहे की, लष्करातील कर्नलशी याचे नाते नाही.) यंत्र सुरू होताच कर्नेल आपली हकीकत सांगू लागतो: स्मृती किती सापडली, तबकडी कोठे आहे, काय बिघडले. ही हकीकत ज्या वाटेने बाहेर पडते, ते कन्सोल. कन्सोल नसेल तर कर्नेल चालतो, पण मुका. आणि मेला तर कशाने मेला हे कोणालाच कळत नाही.

एका लोखंडी यंत्रात अनेक यंत्रांचा भास निर्माण करण्याची कल्पना आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात १९६७ च्या प्रारंभी कामाला लागली. सीपी-४० या प्रणालीत प्रत्येकाला वाटे की संपूर्ण संगणक आपलाच. पण खऱ्या संगणकाजवळ चालकाचा एक टंकयंत्रासारखा कन्सोल असे. मग आभासी संगणकाचा चालक कोठे बसणार? उत्तर असे निघाले की, वापरणाऱ्याचे स्वतःचे टर्मिनलच त्याच्या आभासी यंत्राचा कन्सोल ठरावे. भासालाही बोलण्यासाठी तोंड लागते, ही गोष्ट त्या मंडळींनी पहिल्याच फेरीत ओळखली. पुढील काळातील पुष्कळ खटाटोप त्याच प्रश्नाभोवती फिरतो.

लिनक्सच्या जगात २००३ मध्ये झेन आणि २००७ मध्ये केव्हीएम आल्यावर तो प्रश्न नव्याने पुढे आला. येथे खरे यंत्र यजमान आणि आभासी यंत्र पाहुणा. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पाहुण्याला खोटी सिरियल तार दाखवणे. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये तारेवर खुणा सोडणारी ८२५० नावाची चकती होती. यजमान तिचेच सोंग घेतो. पाहुणा कर्नेल ठरलेल्या दारावर एक अक्षर ठेवतो. त्या क्षणी त्याचे काम थांबते, सूत्रे यजमानाकडे जातात, यजमान अक्षर उचलतो आणि पाहुण्याला पुन्हा जागे करतो. प्रत्येक अक्षराला हा उपद्व्याप. सोंग हुबेहूब, पण महागाचे.

म्हणून आयबीएममधील ऑस्ट्रेलियन संगणकतज्ज्ञ रस्टी रसेल यांनी व्हर्टिओ ही निराळी रीत मांडली. जानेवारी २००८ च्या लिनक्समध्ये ती दाखल झाली. यजमान आणि पाहुणा यांनी सोंग सोडून सामायिक स्मृतीत एक पाटी ठेवावी. पाहुण्याने तिच्यावर ओळीच्या ओळी लिहाव्यात आणि मग एकदाच हाक मारावी. या रीतीच्या कन्सोलचा कार्यक्रम २००९ नंतर पुष्कळ विस्तारला तो रेड हॅट कंपनीत पुण्यातून काम करणाऱ्या अमित शाह यांच्या हातून. एकाच साधनातून अनेक स्वतंत्र वाटा निघू लागल्या, आणि कन्सोलखेरीज यजमान-पाहुण्यांचे इतर निरोपही त्यांवरून जाऊ लागले. मूळ कार्यक्रमाच्या शिरोभागी रसेल यांच्याबरोबर त्यांचेही नाव आहे.

एवढे झाले तरी मांडणी चुकली तर सारे व्यर्थ. कर्नेलला सुरुवातीच्या आज्ञेत कन्सोलची नावे सांगावी लागतात: सिरियल तारेचे टीटीवायएस०, व्हर्टिओच्या पहिल्या वाटेचे एचव्हीसी०. कर्नेलची हकीकत सांगितलेल्या सर्व वाटांनी जाते. परंतु त्यानंतर जागे होणारे कार्यक्रम ज्याला कन्सोल समजतात, ते फक्त शेवटी नाव घेतलेले. हा क्रम उलटला की कर्नेलचे बोलणे दिसते, आणि पुढे एकाएकी शांतता पसरते. यंत्र गोठले असे समजून माणसे भलतीकडेच शोध घेत बसतात.

दुसरा घात याहून सूक्ष्म आहे. कन्सोलचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये पक्का विणलेला असावा लागतो. तो मागाहून जोडावयाचा सुटा भाग असेल, तर तो येईपर्यंतचे सारे शब्द स्मृतीतच पडून राहतात. तबकडी सापडली नाही म्हणून कर्नेल त्याआधीच कोसळला, तर ती एक ओळ, जिच्यासाठी हा सारा प्रपंच, बाहेर येतच नाही. यासाठी अनुभवी मंडळी वेगवान व्हर्टिओ हाताशी असूनही ८२५० चे जुने सोंग मोडीत काढत नाहीत. त्या चकतीला फारशी पूर्वतयारी लागत नाही. दारावर अक्षर ठेवले की काम झाले. आज्ञेत टीटीवायएस० च्या पुढे ते वेगही लिहितात, ११५२०० बॉड, जरी त्या वेगाने धावणारी तार तेथे कोठेच नसते.