वेष्टनातलं ज्ञान

श्रुतपंचमीला आमच्या घरी शास्त्रांना नवी वेष्टने बांधतात. माझ्या आजीने आयुष्यभर ती शिवली. कापड कोणते घ्यायचे, गाठ कशी मारायची, सगळे तिला ठाऊक. आतले अक्षर मात्र तिला वाचता येत नव्हते. आमच्या बडोद्याच्या विद्यापीठाविषयी लिहायला बसले की मला आधी आजीच आठवते.

विद्यापीठ १९४९ सालचे, पण मुळे जुनी. नाशिककडच्या कवळाण्याचा, अक्षरओळख नसलेला मुलगा १८७५ मध्ये दत्तक आला आणि सयाजीराव महाराज झाला. त्यांच्याच काळात १८८१ साली बडोदा कॉलेज निघाले. रॉबर्ट चिझमने उभारलेल्या त्याच्या भव्य घुमटाखाली आज कला शाखा भरते. हातच्या हुन्नरासाठी १८९० मध्ये कलाभवन आले. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. आता तिथे इंजिनिअरिंग आहे. शहराबाहेर पादऱ्यालाही विद्यापीठाचे कॉलेज आहे.

पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. दिवाण मनुभाईंची लेक, बडोदा कॉलेजचीच विद्यार्थिनी. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ नको, ‘सर्व माणसे’ म्हणा, असा आग्रह धरणाऱ्या त्या. विद्यापीठाच्या मुख्य ग्रंथालयाला आज त्यांचेच नाव आहे. त्यांच्या काळात, १९५० मध्ये, ललित कला आणि गृहविज्ञान या शाखा सुरू झाल्या.

आम्ही घुमटाखाली शिकणाऱ्या मुली गृहविज्ञानवाल्यांना हसायचो. “भाकरी थापायला डिग्री कशाला गं?” पुढे लग्न झाले, एम.ए. राहून गेले. तापाने फणफणलेले बाळ मांडीवर घेऊन बसले तेव्हा कळले, आहार आणि बालसंगोपन हेही शास्त्रच. घर म्हणजे अडाण्याचे काम, असे मीसुद्धा मानत होते, याची तेव्हा लाज वाटली.

पण माझे मन रमते ते प्राच्यविद्या मंदिरात. ताडपत्रे, पोथ्या, वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती, हे सगळे तिथले वैभव. १९१६ पासून गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत जुने ग्रंथ छापले जाऊ लागले. चिमणलाल दलाल यांनी पाटण आणि जैसलमेरच्या जैन भांडारांत बसून पोथ्यांच्या सूची केल्या. जैसलमेरची १९२३ मध्ये आली, पाटणची १९३७ मध्ये. आपल्या पूर्वजांनी पोथ्या जपल्या, हे उपकारच. पण सूची छापली तेव्हा आत काय आहे ते जगाला कळले.

मैत्रिणींनो, जपणे आपण बायकांनी पुष्कळ केले. उघडणे राहून गेले.

यंदा श्रुतपंचमीला वेष्टन मीच शिवले. गाठ मारण्याआधी मात्र सून म्हणाली, “आई, थांबा ना जरा.” मग आम्ही दोघींनी चार पाने मोठ्याने वाचली.