किंमत, मूल्य आणि दोन मदरबोर्ड

किंमत आणि मूल्य हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. त्यांच्यातलं अंतर दाखवणारं एक प्रकरण संगणकाच्या इतिहासात आहे.

२४ ऑगस्ट १९९८ या एकाच दिवशी इंटेलने दोन प्रोसेसर बाजारात आणले. पेंटियम टू, वेग ४५० मेगाहर्ट्झ, घाऊक दर ६६९ डॉलर. आणि सेलेरॉन ३००ए, वेग ३०० मेगाहर्ट्झ, दर १४९ डॉलर. आता गंमत बघा. प्रोसेसरचा वेग म्हणजे एक गुणाकार असतो: मदरबोर्डवरच्या बसचा वेग गुणिले प्रोसेसरचा गुणक. सेलेरॉनचा गुणक साडेचार, आणि त्याला इंटेलने कुलूप घातलेलं. बस ६६ची, म्हणून वेग ३००. पण बस १००वर नेली तर? थेट साडेचारशे! आणि बस तर मदरबोर्डच्या ताब्यात.

म्हणून लोक मदरबोर्डांची तुलना करू लागले. असुसचा पी२बी आणि अबिटचा बीएच६; दोन्ही कंपन्या तैवानच्या, दोन्ही बोर्डांवर इंटेलचाच ४४०बीएक्स चिपसेट. पी२बीची ख्याती स्थिरतेची. पण बसचा वेग बदलायचा तर पेटी उघडून जंपर हलवायचे, आणि व्होल्टेज वाढवायची सोय नाही. बीएच६मध्ये दोन्ही गोष्टी बायोसच्या पडद्यावरून, कीबोर्डने व्हायच्या. काही सेलेरॉन ठरलेल्या २ व्होल्टवर साडेचारशेला अडखळत, किंचित जास्त व्होल्टेज दिलं की सुरळीत चालत. म्हणजे चिप तीच, पण एका बोर्डावर नापास आणि दुसऱ्यावर पास.

सांख्य म्हणतात, तेल तिळात आधीपासूनच असतं. घाणा ते फक्त बाहेर काढतो. बीएच६ हा असा घाणा होता. वेग त्याने निर्माण केला नाही, जो दडलेला होता त्याला वाट दिली. ज्या चिपमध्ये तो नव्हताच, तिथे त्याचाही इलाज चालला नाही.

मात्र मूल्यात टिकाऊपणाही मोजावा लागतो. पुढे काही वर्षांनी सदोष कपॅसिटरचं जे संकट अनेक कंपन्यांवर आलं, त्यात अबिटचे बोर्डही सापडले. २००८च्या अखेरीस अबिटने मदरबोर्डचा धंदाच बंद केला. असुस आजही आहे.

आणि ते कुलूप? २०१०पासून इंटेल गुणक मोकळा असलेले प्रोसेसर ‘के’ हे अक्षर लावून, जास्त दराने विकते. गुणक वाढवायला चिपसेटही ठरावीकच लागतो. पूर्वी जी मोकळीक चांगला बोर्ड निवडून मिळायची, तिचा आता वेगळा दर लागतो. म्हणून आज मदरबोर्डांची तुलना करताना कोणता जास्त वेग देतो एवढंच विचारून भागत नाही. तीळ आपण विकत घेतले, तर त्यातलं तेल कोणाचं, हेही विचारायला हवं. माझ्या मते ते घेणाऱ्याचं.